विहारातील श्रोत्यांना वाचक करूया : ज्येष्ठांच्या वर्गाची गरज आणि रीत

वर्षावास सुरू झाला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगावच्या बुद्ध विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा, पूर्ण तीन महिने. ऐकायला समोर कोण बसलेले असते? पांढऱ्या साडीतल्या आजी, मावशी आणि दोन-चार निवृत्त बाबा. दिवसभर निंदण करून, घरचा स्वयंपाक उरकून त्या येतात. तरुण मंडळी बहुधा पहिल्या दिवशी आणि समारोपाच्या भोजनदानाला दिसतात. म्हणजे आपल्या समाजातील सर्वात नियमित विद्यार्थी साठी ओलांडलेल्या या उपासिका आहेत. तरीही त्यांच्यातील अनेकींना तो ग्रंथ स्वतः वाचता येत नाही. वीस-तीस वर्षावास कानांनी ऐकले, पण पानावरचे अक्षर अनोळखीच राहिले.

सामाजिक काम करताना आम्हाला हे चित्र वारंवार दिसते. आपण या ज्येष्ठांना आदर देतो, धम्म परिषदेत पहिल्या रांगेत बसवतो, शाल देऊन सत्कार करतो. पण ‘आजी, तुम्हाला काय शिकायचं आहे?’ असे कुणी विचारत नाही. हा प्रश्न बौद्ध तरुणांनी आता विचारला पाहिजे, असे आम्हाला वाटते. त्यासाठी नवी संस्था, नवी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. विहार आहे, शिकायची सवय असलेले श्रोते आहेत. फक्त श्रोत्यांचे वाचक करायचे आहेत.

शिकणे आणि छंद, दोन्ही आपल्या परंपरेत आहेत

‘शिका, चेतवा, संघटित व्हा’ हे आपण तरुणांना उद्देशून म्हणतो. त्यातल्या ‘शिका’ला वयाची अट कधीच नव्हती. जोतीराव आणि सावित्रीमाई फुले यांनी १८५५ मध्ये रात्रशाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय काढले आणि हॉकी क्लबही काढला. चळवळीच्या अगदी सुरुवातीलाच पुस्तक आणि खेळ एकत्र होते, हे आपण विसरतो.

बाबासाहेबांचे स्वतःचे आयुष्य पाहा. उतारवयात, प्रकृती साथ देत नसताना, कामाचा प्रचंड व्याप असताना ते व्हायोलिन शिकले. पाली भाषेचा अभ्यास त्यांनी इतका केला की त्यांनी तयार केलेले पाली व्याकरण आणि शब्दकोश महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे काम ते वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंत करत होते. ज्या वयात लोक आपल्या आजीला ‘आता कशाला शिकतेस’ म्हणतात, त्याच वयात त्यांनी हे केले.

मागे बुद्धकाळात गेलो तर सोणा थेरी भेटते. दहा मुलांची आई म्हणून ती ओळखली जाई. संपत्ती मुलांना वाटून दिल्यावर घरात तिला मान राहिला नाही. म्हातारपणी ती भिक्खुणी संघात आली आणि अथक प्रयत्न करणाऱ्या भिक्खुणींमध्ये भगवान बुद्धांनी तिला अग्रस्थान दिले. आपण घरोघरी म्हणतो त्या महामंगल सुत्तात ‘बाहुसच्च’ म्हणजे बहुश्रुतता आणि ‘सिप्प’ म्हणजे कला-कौशल्य, या दोन्ही गोष्टींची गणना मंगलात केलेली आहे. अभ्यासवर्ग आणि छंदवर्ग यांना यापेक्षा मोठा आधार काय हवा?

यात एक सामाजिक बाजूही आहे. छंद हा शब्द आजवर फावला वेळ आणि निवृत्तिवेतन असणाऱ्यांचा राहिला. शहरातील वसाहतीत ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र असते. गावच्या बौद्धवाड्यातील भूमिहीन मजूर बाईला निवृत्तीच नाही. हातपाय चालतात तोवर निंदण आणि वेचणी, ते थकले की नातवंडे सांभाळणे. ज्यांना शेकडो वर्षे अक्षर नाकारले गेले, त्यांना विरंगुळाही नाकारलाच होता. म्हणून आजीने संध्याकाळी तासभर स्वतःसाठी काही शिकणे, हा आम्ही समतेचा विषय मानतो.

फांगणे गावाने काय दाखवले

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे छोटे गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. पुढाकार जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांचा. गावात शिवजयंतीच्या निमित्ताने वाचन सुरू असताना ‘आम्हालाही असं वाचता आलं असतं तर’ अशी इच्छा वयस्कर बायांनी बोलून दाखवली आणि त्यातून शाळेची कल्पना निघाली. साठ ते नव्वद वर्षांच्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, पिशवीत पाटी घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या. शिकवणारी गावातीलच सून आणि तिच्या विद्यार्थिनींमध्ये तिची सासूही.

यातून आपल्या उपयोगाच्या तीन गोष्टी कळतात. पहिली, शिकण्याची इच्छा दुसऱ्याचे वाचन ऐकताना जागी झाली. आपल्या विहारांत तर तीन महिने रोज वाचन होते. म्हणजे ही इच्छा येथेही असणारच, ती विचारली गेलेली नाही एवढेच. दुसरी, वर्गाची वेळ आजींच्या सोयीची होती, कामे उरकल्यानंतरची. तिसरी, शिकवायला मोठी पदवी लागली नाही. गावातील शिकलेली सून पुरेशी ठरली. साडी आणि दप्तर यांचाही अर्थ आहे. लहानपणी हुकलेली शाळा त्यांना पूर्ण थाटात मिळाली, आणि सगळ्या एकाच वेशात असल्यामुळे एकटीला लाज वाटण्याचे कारण उरले नाही.

आपल्या जिल्ह्यात वर्ग कसा चालेल

यवतमाळचे वेळापत्रक कापूस ठरवतो. पावसाळ्यात निंदण, दिवाळीच्या आसपास वेचणीचा जोर. या काळात दुपारचा वर्ग चालणार नाही. संध्याकाळी वंदनेनंतरचा पाऊण तास चालेल. उन्हाळ्यात उलट. एप्रिल-मे मध्ये ऊन इतके असते की दुपारी कुणी बाहेर पडत नाही, तेव्हा सकाळी लवकर वर्ग घ्यावा. आठवड्यातून तीन दिवस पुरे. रोजचा आग्रह धरला की पंधरा दिवसांत वर्ग ओस पडतो.

सुरुवात पाटीने करू नका, डोळ्यांच्या तपासणीने करा. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होत जाते आणि पुढे मोतीबिंदूची भर पडते. ‘माझ्या डोक्यात काही शिरत नाही’ म्हणणाऱ्या आजीला अनेकदा अक्षर दिसतच नसते. ग्रामीण रुग्णालय किंवा एखाद्या नेत्र शिबिराशी आधी बोलून घ्या आणि ज्यांना हवा त्यांना जवळचा चश्मा मिळवून द्या. अक्षरे मोठी लिहा, उजेड चांगला ठेवा, कमी ऐकू येणाऱ्यांना पुढे बसवा. खाली बसता येत नसेल तर खुर्ची द्या.

शिकवताना ‘अ अननसाचा’पासून सुरू करण्याची गरज नाही. ती लहान मुलांची रीत झाली. ज्येष्ठांना आधी स्वतःचे नाव लिहायला हवे असते, कारण आयुष्यभर अंगठा लावल्याची बोच मनात असते. त्यानंतर ‘रमा’, ‘भीम’ असे सोपे, जिव्हाळ्याचे शब्द. ‘बुद्ध’ आणि ‘धम्म’ या शब्दांत जोडाक्षर आहे, ते थोडे पुढे घ्या. त्रिशरण, पंचशील, बुद्ध वंदना ज्येष्ठांना तोंडपाठ असतात. अक्षरओळख झाली की छापलेली वंदना मोठ्या अक्षरांत समोर ठेवायची आणि म्हणता म्हणता शब्दाखालून बोट फिरवायचे. जे आधीच मुखात आहे ते डोळ्यांना सापडू लागते. अनोळखी धड्यापेक्षा ही वाट फार सोपी आहे.

शासकीय आधारही घ्या. केंद्र पुरस्कृत ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. वय १५ वर्षांपुढील कोणतीही निरक्षर व्यक्ती त्यात नाव नोंदवू शकते. वरच्या वयाची मर्यादा नाही. शिकवणारे स्वयंसेवक असतात, म्हणजे तुम्हीही होऊ शकता. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशा तीन भागांची परीक्षा होते आणि उत्तीर्ण झालेल्यांना प्रमाणपत्र मिळते. परीक्षेचा धाक वाटणाऱ्यांना केरळच्या कार्त्यायनी अम्मांबद्दल सांगा. २०१८ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांनी साक्षरतेची परीक्षा दिली आणि १०० पैकी ९८ गुण मिळवले.

‘लाकडं स्मशानात गेली, आता काय शिकायचं’ असे आजी-आबा हसून म्हणतील. वाद घालू नका. बँकेचे पासबुक समोर ठेवा. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे जमा झाले की नाही, हे पाहण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावे लागते. मोबाईलवर आलेला ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हेही वाचता न येणाऱ्याला कसे कळणार? राबून राबून बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र अंगठाही ओळखत नाही. आकडे आणि चार ओळी वाचता येणे ही ज्येष्ठांची सुरक्षितता आहे.

अक्षरांच्या पुढे : छंदाचे वर्ग

ज्यांना वाचता येते त्यांच्यासाठी काय? निवृत्त शिक्षक, एसटीचे कर्मचारी, कारकून अशा बाबांची संख्या यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड अशा शहरांत मोठी आहे. पेपर वाचून झाला की दिवस खायला उठतो. त्यांच्यासाठी पाली भाषेचा वर्ग उत्तम. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. रोज म्हणतो त्या गाथांचा अर्थ शब्दागणिक कळला तर वंदनेची गोडी वाढते.

गाण्याचा वर्ग हा दुसरा. पेटी, ढोलकी आणि भीमगीते, एवढ्यावर तो चालतो. वामनदादा कर्डक लहानपणी शाळा शिकले नव्हते. मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचन पक्के केले आणि पुढे हजारो गीते लिहिली, हे वर्गात जरूर सांगा. याशिवाय गोधडी शिवणे, परसबाग, बुद्धिबळ, मोबाईलवर फोटो काढणे. ज्या गावात ज्याची आवड असेल ते. यादी तुम्ही ठरवू नका, त्यांना ठरवू द्या.

फ्रान्समधील तुलूझ शहरात १९७३ मध्ये निवृत्तांसाठी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू झाले. पुढे १९८२ पासून ब्रिटनमध्ये या कल्पनेला वेगळे वळण मिळाले : बाहेरचे प्राध्यापक नाहीत, सभासदच एकमेकांना शिकवतात. ज्याला जे येते ते त्याने द्यायचे. ही रीत आपल्या विहाराला चांगली लागू पडते. निवृत्त गुरुजी अक्षर शिकवतील, अक्षर शिकणारी आजी त्यांच्या सुनेला गोधडीचा टाका शिकवेल. वर्गात कुणीच फक्त घेणारा नसेल.

त्यांच्याकडून शिकायचे राहून जाऊ नये

१९५६ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीवर आई-वडिलांचे बोट धरून गेलेली, घरातले देव्हारे निघताना पाहिलेली, मेलेली जनावरे ओढणे बंद केल्यावर गावाचा बहिष्कार सोसलेली ही शेवटची पिढी आहे. बाबासाहेबांच्या चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केले, म्हणून त्या स्त्रियांची नावे आज आपल्याला माहीत आहेत. शांताबाई कांबळे यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर लिहिली. यवतमाळ जिल्ह्यातील गावागावांत अशी न लिहिलेली पुस्तके बसलेली आहेत.

म्हणून ज्येष्ठांच्या वर्गात एक तास आठवणींचा ठेवा. एका तरुणाने मोबाईलवर ध्वनिमुद्रण करावे, दुसऱ्याने वहीत उतरवून घ्यावे. आधी परवानगी घ्यावी आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. काही महिन्यांनी त्यातील काही जणींनी स्वतःच्या चार ओळी स्वतः लिहिल्या, तर त्या वहीचे मोल कोणत्याही स्मरणिकेपेक्षा मोठे असेल.

तरुण मित्रांनो, जयंतीच्या मिरवणुकीसाठी आपण वर्गणी गोळा करतो, महिनाभर धावपळ करतो. त्यातील थोडा वेळ आणि थोडी वर्गणी पाट्या, चश्मे आणि वह्यांसाठी बाजूला काढा. आपल्या विहारात येणाऱ्या ज्येष्ठांची यादी करा, प्रत्येकाला काय शिकायचे ते विचारा, वाचता न येणाऱ्या पाच जणींपासून वर्ग सुरू करा. येत्या अश्विन पौर्णिमेला वर्षावासाच्या समारोपात ग्रंथातील एक परिच्छेद, हळू का होईना, त्यांच्यापैकी एका आजीने उभे राहून वाचावा, एवढेच पहिले उद्दिष्ट ठेवा.

जयभीम! नमो बुद्धाय!