सोनेरी मोरपंखीचा रंग

तुमच्यापैकी किती जणांच्या पुस्तकात 'विद्या' आहे? पुस्तकात ठेवली की अभ्यास चांगला येतो, अशा समजुतीने जपलेली ती चपटी, जाळीदार डहाळी! लहानपणी मीही ठेवीत असे. माझ्या गणिताच्या गुणांवर तिचा काही परिणाम झाल्याचे आठवत नाही.

ही डहाळी मोरपंखीची. दिसायला नेच्यासारखी असली तरी मोरपंखी हा नेचा नव्हे. हिमालयातल्या देवदाराप्रमाणे ती शंकुधारी वनस्पती आहे. झाडावर बारीक शिंगे असलेली निळसर बोंडे दिसतात ना, ते तिचे शंकू. मूळची ती चीनकडची, आणि तिकडे तिचा चांगला उंच वृक्ष होतो. लिनियसने 1753 साली तिला थुजा म्हटले. आता तिचे शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस, म्हणजे 'चपट्या फांद्यांची', असे आहे.

रोपवाटिकेत मात्र तुम्हांला बहुधा तिची एक ठेंगणी, गोलसर, पिवळी जात दिसेल. तिचे नाव 'ऑरिया नाना'. हे नाना कोणाचे काका नव्हेत. लॅटिनमध्ये 'ऑरिया' म्हणजे सोनेरी आणि 'नाना' म्हणजे खुजी. नॅनोमीटर या शब्दातला 'नॅनो' याच घराण्यातला. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, आणि प्रकाशाच्या तरंगांची लांबी आपण याच मापाने मोजतो. हे खुजे झाड सोनेरी का, हे समजायलाही हेच माप लागते.

साधे हिरवे पान 400 ते 500 नॅनोमीटरचा जांभळा-निळा आणि 600 ते 700 नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते. मधला हिरवा प्रकाश त्या मानाने जास्त परत येतो. हे शोषण मुख्यतः हरितद्रव्य करते. सोनेरी मोरपंखीच्या उन्हातल्या पानांत हे हरितद्रव्य कमी असते. निळा प्रकाश शोषणारी पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये तेवढी उठून दिसतात. मग तांबडा प्रकाशही हिरव्याबरोबर परत फिरतो, आणि तांबडा व हिरवा एकदम डोळ्यांत शिरले की आपल्याला पिवळे दिसते. टीव्हीच्या पडद्यावरचा पिवळा रंग असाच तयार होतो. तेथे पिवळे ठिपके नसतातच.

खात्री करून पाहा. तांबडा जिलेटिन कागद डोळ्यांपुढे धरा आणि भर उन्हात साध्या व सोनेरी मोरपंखीची डहाळी शेजारी शेजारी ठेवून पाहा. साधी काळपट दिसेल, सोनेरी उजळ. कागद जितका गडद, तितका फरक स्पष्ट.

म्हणजे ज्याला आपण सोने म्हणतो, ती खरे तर हरितद्रव्याची टंचाई आहे. ही गोष्ट मला झाड विकत घेतल्यानंतर कळली. मी कुंडी उत्तरेकडच्या गॅलरीत ठेवली. सहा महिन्यांत झाड हिरवे झाले. रोपवाटिकेने फसवले, असे मी घरी जाहीर करून टाकले! आमच्या कॉलेजातल्या माळीकाकांनी एका वाक्यात निकाल लावला: "सर, त्याला ऊन कुठंय?" सावलीत ही जात हरितद्रव्य अधिक साठवते आणि सोने झाकले जाते. तुमच्याकडे झाड असेल तर आतल्या फांद्या बाजूला करून बघा, आत ते हिरवेच असते.

मग मी दुसरी चूक केली. भर एप्रिलात कुंडी थेट गच्चीवर नेली. सावलीत वाढलेली पाने आठवड्यात करपली. ऊन वाढवायचे ते दोन-तीन आठवड्यांत हळूहळू, सकाळच्या उन्हापासून सुरुवात करून. तिसरी चूक सर्वांत महाग पडली. करपलेली बाजू मी कात्रीने उघड्या लाकडापर्यंत छाटली. जास्वंदीला अशा जागी नवे फुटवे येतात. मोरपंखीच्या जून, पाने नसलेल्या लाकडाला ते सहसा येत नाहीत. तेव्हा छाटणी करायची ती हिरव्या-पिवळ्या शेंड्यांचीच.

पाण्याचा नियम सोपा आहे. मातीत बोट खुपसा. वरचे दोन पेर कोरडे लागले तर भरपूर पाणी घाला, नाहीतर थांबा. मातीत जाड वाळू हवी आणि कुंडीचे भोक मोकळे. मुळे कुजली तरी हे झाड बरेच दिवस टवटवीत दिसत राहते. ते तपकिरी पडलेले आपल्या ध्यानात येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. उन्हाळ्यात रंग धुरकटला, तर डहाळी पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर ते कोळी-किडे. जोरदार पाण्याने झाड धुवून काढा. थंड मुलखात हिवाळ्यात हे झाड तांबूस-तपकिरी होते आणि वसंतात पुन्हा सोनेरी, पण तो आजार नव्हे.

अशा जातींचे बी पेरले तर रोपे आईसारखीच निघतील असा भरवसा नाही, म्हणून त्या कलमांनी वाढवतात. कधीकधी झाडावरच एखादी फांदी भर उन्हात असूनही गर्द हिरवी निघते आणि इतरांपेक्षा लांब होते. ती लहान असतानाच मुळापासून काढा. तिच्यात हरितद्रव्य जास्त, म्हणून तिचे अन्नही जास्त तयार होते. ती भराभर वाढून सोनेरी फांद्यांना झाकून टाकते.

माझ्या झाडाचे भोक पाच वर्षांनंतरही तसेच आहे. ती बाजू मी भिंतीकडे वळवून ठेवतो. पण भिंतीकडची बाजू सावलीत हिरवी पडू लागते, म्हणून दर पंधरा दिवसांनी कुंडी फिरवावी लागते, आणि भोक पुन्हा समोर येते.