चित्रपटाचा प्रकार कशावरून ओळखावा?

पौराणिक, संतपट, सामाजिक अशीं चित्रपटांचीं नांवें आपण नित्य ऐकतों. परंतु हा भेद कशावरून करावयाचा, असें कोणीं विचारल्यास पुष्कळ जण पोशाखाकडे बोट दाखवून मोकळे होतात. मुकुट दिसला कीं पौराणिक, आणि कोट-टोपी दिसली कीं सामाजिक! आमच्या मतें स्थळकाळ ही केवळ पहिली खूण होय. कथेंतील झगडा अखेर कोण मिटवितो व कसा मिटवितो, ही दुसरी व अधिक खात्रीची खूण.

उदाहरणार्थ, १९२९ सालीं कोल्हापुरांत स्थापन झालेल्या व १९३३ सालीं पुण्यास आलेल्या प्रभात फिल्म कंपनीचे चार बोलपट घेऊं. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मध्यें हरिश्चंद्र राज्यास मुकतो, पण सत्य सोडीत नाहीं. शेवटीं देवकृपेनें त्याचें गेलेलें वैभव परत मिळतें. मनुष्यानें कसोटीस उतरावें व निवाडा देवानें करावा, हें पौराणिक कथेचें लक्षण.

‘संत तुकाराम’ (१९३६) मध्यें स्थळ आहे देहू गांव. घरांत अन्नाची चिंता, बाहेर सालोमालोचा मत्सर. येथेंहि चमत्कार आहेत. इंद्रायणींत बुडविलेल्या वह्या परत मिळतात. तथापि तुकोबा शत्रूचा सूड घेऊं पाहत नाहींत; त्यांच्या क्षमेपुढें वैरच निर्बळ ठरतें. हा संतपट.

आतां ‘शेजारी’ (१९४१) पाहा. येथेंहि खेडेंच आहे. केवळ स्थळ पाहणारा फसेल! धरणासाठीं जमिनी हव्या असलेला कंत्राटदार एक हिंदू व एक मुसलमान अशा दोन जिवलग शेजाऱ्यांत फूट पाडतो. ते पुन्हां एक होतात, पण मृत्यूच्या दारांत. ‘कुंकू’ (१९३७) मध्यें एका वृद्धाशीं फसवून लग्न लावून दिलेली नीरा तें लग्न मानण्यास नकार देते. अखेर पतीसच आपला अन्याय उमगतो, परंतु त्याची किंमत फार मोठी पडते.

या दोन्ही कथांत देव धांवून येत नाहीं. दुःख माणसांनीं निर्माण केलें, तें माणसांनींच निवारावयाचें. आणि शहाणपण बहुधा उशिरां सुचतें. म्हणून सामाजिक चित्रपट पडद्यावर संपला तरी त्यांतील प्रश्न प्रेक्षकाबरोबर घरीं येतो.

विद्यार्थी मित्रहो, पुढील चित्रपट पाहून परततांना दोन प्रश्न स्वतःस अवश्य विचारा : झगडा कोणीं उभा केला, आणि तो कोणीं मिटविला? पालकांनींहि या चर्चेंत भाग घ्यावा. ज्यास हीं उत्तरें देतां येतील, त्यानें चित्रपट नुसता पाहिला नाहीं, तर जाणला, असें आम्ही म्हणूं.