अंड्याचा रंग आणि कोंबडीची जात

समजा, तलासरीच्या बाजारात कुणी तुमच्यापुढे काळ्या पिल्लांची पाटी ठेवली आणि म्हणाला, "अस्सल कडकनाथ! आईची अंडी बघा, कशी तांबूस आहेत." गावठी पिल्लाच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजायचे का? पाड्यावरच्या घराला ही रक्कम लहान नव्हे.

अंड्याचा रंग हा फार कच्चा साक्षीदार आहे. तांबूस अंडं गावठी कोंबडी देते, ऱ्होड आयलंड रेड देते, हैदराबादेत तयार केलेली संकरित 'वनराजा'ही देते. कडकनाथाचं अंडंही फिकट तपकिरीच. ते काळं असतं ही निव्वळ थाप. शिवाय कवचाचा रंग ठरतो तो आईवरून. आतल्या पिल्लाचा बाप कोण, हे कवच काय सांगणार? मोकळी चरणारी कोंबडी पाड्यातल्या कुठल्याही कोंबड्याला भेटते, आणि एकदा भेट झाली की पुढे दोन आठवडे तरी तिची अंडी फळतात.

परदेशातही हाच घोटाळा आहे. चिलेमधल्या आरौकाना कोंबडीचं अंडं निळं, कवच आतबाहेर निळं. हा गुण एका जुन्या विषाणूचा तुकडा आनुवंशिक द्रव्यात शिरून बसल्यामुळे आला, असं २०१३ साली उघड झालं. तो आई किंवा बाप, एकाकडून मिळाला तरी पुरतो. त्यामुळे मिश्र कोंबड्याही खुशाल निळी अंडी घालतात, आणि अमेरिकेत आरौकाना म्हणून विकल्या जातात.

काळ्या कातडीचंही बरंचसं असंच आहे. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातला, तिथल्या आदिवासींनी सांभाळलेला; झाबुआच्या नावे त्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण कडकनाथ कोंबडा नि गावठी कोंबडी यांची पिल्लंसुद्धा पुष्कळदा काळसर निघतात.

मग पाहायचं काय? पिसांवर जाऊ नका. अस्सल कडकनाथात सोनेरी छटेचेही पक्षी असतात. मोठ्या पक्ष्याची चोच उघडून जीभ पाहा, पिसं बाजूला सारून कातडी पाहा, तुरा, पाय, नखं पाहा. जीभ गुलाबी दिसली तर शंका घ्या. मुख्य म्हणजे एकटं पिल्लू पाहून सौदा करू नका. आईबाप दाखवायला सांगा, एकाच वेळी निघालेली सगळी भावंडं पाहा. अस्सल जोडीची पिल्लं सारखी निघतात. मिश्र जोडीची मात्र फुटतात: एक काळं, एक निम्मंशिम्मं, एक पिवळ्या पायांचं. डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. पैसे देण्याआधी तिथे विचारून यावं.

घरच्या अंड्यांपुरती कोंबडी हवी असेल तर मिश्र काही वाईट नाही, फक्त तिला कडकनाथाचा भाव देऊ नका. आणि अस्सल मिळाली म्हणून घरची गावठी विकूनही टाकू नका. कडकनाथ सहसा खुडूक बसत नाही. त्याची अंडी गावठीखालीच ठेवावी लागतात.