आज्ञावलीतील स्वल्पविराम : लाख-कोटींची मांडणी

विद्यार्थ्याच्या आज्ञावलीने १२३४५६७८ असे उत्तर छापले, तर ते बरोबर असूनही चटकन वाचता येत नाही. स्वल्पविरामांनी वाचन सुलभ होते. मात्र ते कोठे द्यावेत याचा संकेत सर्वत्र एक नाही. आपण १,२३,४५,६७८ लिहितो, तर अमेरिकेत १२,३४५,६७८ लिहितात. जर्मनीत गटांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात.

पायथन भाषेत ही सोय २००९ सालच्या ३.१ या आवृत्तीत आली. फॉरमॅट या फंक्शनला संख्येसोबत स्वल्पविरामाचे चिन्ह दिले की गट पडतात, पण ते तीन-तीन अंकांचेच. जावास्क्रिप्टमध्ये टू-लोकेल-स्ट्रिंग या पद्धतीला भारतीय इंग्रजीचा संकेत दिल्यास लाख-कोटींची मांडणी मिळते. मराठीचा दिल्यास अंकही देवनागरी होतात.

जेथे तयार सोय नाही, तेथे पुढील रीत वर्गात करवून घ्यावी. प्रथम संख्या हव्या तितक्या दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करावी. ऋण चिन्ह व दशांश भाग बाजूला ठेवावेत. उरलेल्या अंकांतून उजवीकडचे तीन वेगळे काढावेत, बाकीच्यांचे उजवीकडूनच दोन-दोनचे गट पाडावेत आणि सर्व पुन्हा जोडावे.

हा क्रम महत्त्वाचा आहे. ऋण चिन्ह बाजूला न काढल्यास ते अंकांत मोजले जाते आणि उणे १२३४५ चे ‘-,१२,३४५’ होते. तसेच ९९९९९.९९६ ही रक्कम दोन स्थळांपर्यंत पूर्णांकित केल्यास १,००,०००.०० होते, गट आधी पाडले तर हा हातचा पुढे जात नाही.

येथे मूळ मुद्दा असा की, स्वल्पविराम हा संख्येचा भाग नसून तिच्या दर्शनाचा भाग आहे. स्वल्पविराम दिलेली संख्या म्हणजे संगणकाच्या दृष्टीने केवळ मजकूर होय. ‘१२,३४,५६७’ हा मजकूर पायथनच्या फ्लोट फंक्शनला दिला तर ते त्रुटी दाखवून थांबते. जावास्क्रिप्टचे पार्स-फ्लोट मात्र पहिल्या स्वल्पविरामाशी वाचन सोडते आणि निमूटपणे १२ एवढेच उत्तर देते. बारा लाखांचे बारा झाल्याची सूचनाही मिळत नाही. मजकूर म्हणून क्रम लावल्यास ‘९,०००’ हा ‘१२,३४,५६७’ च्या नंतर येतो.

म्हणून साठवण व आकडेमोड नेहमी शुद्ध संख्येवर करावी आणि स्वल्पविराम अगदी शेवटी, छापतेवेळीच द्यावेत. प्रात्यक्षिक तपासताना ऋण संख्या, शून्य, ९९९, १००० आणि १००००० ही उदाहरणे अवश्य चालवून पाहावीत.