दवाखाना योजनेत आहे का, हे आधी विचारा

शेतकऱ्याच्या घरात मोठे दुखणे आले की पहिल्यांदा दावणीची म्हैस विकली जाते. तेवढ्याने भागले नाही, तर सोसायटीच्या कर्जावर हातउसन्याचे ओझे चढते. वास्तविक महाराष्ट्रातील शिधापत्रिकाधारक कुटुंबांना अशा दुखण्यासाठी विम्याचे संरक्षण आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, ती हीच. २०१२ साली आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात साऱ्या राज्याला लागू झाली आणि २०१७ साली तिला आजचे नाव मिळाले. आपल्या जिल्ह्यात ती पूर्वी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरती होती. त्यामुळे उसाच्या पट्ट्यातील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या घरांनी ‘हे आपल्यासाठी नाही’ असे जे मनाशी धरले, ते अजून सुटलेले नाही. २०२३ च्या जुलैमधील शासन निर्णयाने पांढऱ्या शिधापत्रिकेलाही ही योजना खुली केली आणि वर्षाची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपये केली. ही मर्यादा साऱ्या कुटुंबाची मिळून आहे, माणशी नव्हे.

खरी अडचण येते ती दवाखाना शोधताना. करवीर तालुक्यातील एका गावी ऊस पाहणीला गेलो असता एका शेतकऱ्याने आपली हकीकत सांगितली. वडील गोठ्यात घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले. शहरातील एका रुग्णालयाच्या दारावर योजनेचा फलक होता, तो पाहून यांनी त्यांना दाखल केले. दुसऱ्या दिवशी पैसे भरायला सांगितले. “साहेब, फलक तर होता की!” तो म्हणाला. फलक खोटा नव्हता. ते रुग्णालय योजनेत होते, पण हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी नव्हते.

हे आपल्याला समजायला कठीण जाऊ नये. कृषी सेवा केंद्राला बियाण्यांचा परवाना वेगळा, खतांचा वेगळा आणि कीटकनाशकांचा वेगळा असतो. दुकानावर पाटी एकच असली, तरी ज्याचा परवाना नाही तो माल त्याला विकता येत नाही. रुग्णालयांचेही तसेच आहे. कोणी हृदयरोगासाठी योजनेत असते, कोणी मुतखड्यासाठी, कोणी कर्करोगासाठी. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. खाजगी रुग्णालय कितीही नामांकित असले तरी ते तिथे योजनेतून होत नाहीत. त्यासाठी कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, आहे. सीपीआरचे नाव काढले की नाक मुरडणारी मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत. नाक मुरडण्याआधी एकदा चौकशी करून पाहावी.

चौकशी कोणाकडे करायची? योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. डॉक्टरांना किंवा पैसे घेणाऱ्या खिडकीला विचारण्याआधी त्याला गाठा. ‘योजना चालते का?’ एवढेच विचारू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद पुढे ठेवून ‘हा उपचार या रुग्णालयात योजनेतून होतो का?’ असे विचारा. मग रुग्णालय मंजुरीसाठी ऑनलाइन प्रस्ताव पाठवते. मंजुरी मिळाली की त्या उपचाराचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. मात्र सर्दी-तापाला दाखवून गोळ्या घेऊन घरी आलात, तर तो खर्च यात बसत नाही. ही योजना दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे.

कागद थोडेच लागतात: शिधापत्रिका आणि आधार कार्ड. घोटाळा होतो तो शिधापत्रिकेवरील नावांचा. सून चार वर्षांपूर्वी घरात आलेली असते, पण तिचे नाव अजून माहेरच्या शिधापत्रिकेवर असते. नातवाचे तर कुठेच नसते. नेमकी तीच दोघे आजारी पडली की तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत धावपळ सुरू होते. खरिपाच्या आधी बियाणे पाहून ठेवतो तशी ही नावेही एकदा पाहून घ्यावीत. शिधापत्रिकेचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांकही लिहून ठेवावा. आपले सरकार सेवा केंद्रात आयुष्मान कार्ड काढताना तो उपयोगी पडतो.

अपघातासारख्या तातडीच्या प्रसंगी कागद आणायला घरी माणूस पाठवून रोग्याला दारात ताटकळत ठेवायचे कारण नाही. दूरध्वनीवरून कळवून दाखल करून घेण्याची सोय आहे. कागद ७२ तासांत दिले तरी चालतात.

उपचार आपल्याच जिल्ह्यात घ्यायला हवेत असेही नाही. शिरोळ-हातकणंगल्याची मंडळी पूर्वापार मिरजेला जात आली आहेत, आणि तेथील योजनेतील रुग्णालयातही हाच नियम लागू आहे. चंदगडकरांची गोष्ट थोडी निराळी. कोल्हापूर त्यांना शंभर किलोमीटरहून लांब, तर बेळगाव हाकेच्या अंतरावर. पण बेळगाव दुसऱ्या राज्यात पडते, म्हणून गाडी काढण्याआधी तेथील रुग्णालयाविषयी फोनवर खात्री करून घ्यावी. त्यासाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० हे क्रमांक आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत. दूध डेअरीच्या फळ्यावर फॅटच्या दराखाली ते खडूने लिहून ठेवले, तर साऱ्या गावाच्या नजरेसमोर राहतील.