संगणकाचा परकायाप्रवेश

आद्य शंकराचार्यांनीं अमरुक राजाच्या देहांत प्रवेश केल्याची कथा घरोघरीं परिचित आहे. त्या कथेंत एक बारकावा आहे. आचार्य राजदेहांत असतां त्यांचा मूळ देह शिष्यांनीं जपून ठेविला होता. गेल्या वर्षीं आमच्या जुन्या संगणकाचा आत्मा नव्या संगणकांत घालण्याचा प्रसंग आला, तेव्हां या बारकाव्याचें महत्त्व आमच्या ध्यानांत आलें.

संगणक सन २०११ चा, विंडोज ७ या प्रणालीवर चालणारा. त्यांत आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त होता. आमचे वडील बंधु दादा यांनीं तो चार वर्षें सांगितला व आम्हीं टंकिला. दादा आतां नाहींत. हस्तलिखित टिपणें वाळवीनें खाल्लीं. कोणत्या पणजीचें माहेर कोठलें, कोणती शाखा कोंकणांतून घाटावर केव्हां आली, हें सारें त्या एका पेटींतच उरलें होतें. आणि ती पेटी गेल्या श्रावणांत आंतून कटकट असा आवाज करूं लागली. हार्ड डिस्क असा आवाज करूं लागली म्हणजे तिचे दिवस भरत आले असें समजावें.

जन्मभर दुसऱ्यांस शिकविलेल्या माणसास मदत मागणें जड जातें. आम्हीं स्वतःच सर्व लेख पेनड्राइव्हवर उतरवून घेतले व नव्या संगणकावर उघडले. पाहतों तों कुलवृत्तान्ताच्या जागीं इंग्रजी अक्षरें, कंस आणि टिंबें यांची खिचडी! सन १९९१ पासून युनिकोड या जागतिक संकेतांत देवनागरीस स्वतंत्र स्थान आहे खरें. परंतु मराठी टंकलेखनाच्या कित्येक जुन्या आज्ञावल्या इंग्रजी अक्षरांच्याच घरांत मराठी अक्षरांच्या आकृति बसवीत असत. ती विशिष्ट मुद्रलिपि जवळ नसली कीं, खालचें इंग्रजी सोंग उघडें पडतें. मुद्रलिपि नेली तर वाचतां येईल. पण दुरुस्ती करावयाची तर ती टंकलेखनाची आज्ञावलीही हवी. तिची तबकडी केव्हांच हरवली होती.

अखेर पुतण्यास बोलाविलें. त्यानें पाहिलें आणि म्हणाला, "काका, तुम्ही भांडीं तेवढीं आणलींत, चूल जुन्या घरींच राहिली. आतां सबंध बिऱ्हाडच उचलूं या."

सबंध बिऱ्हाड म्हणजे डिस्कवरील सर्व कांहीं: प्रणाली, आज्ञावल्या, मुद्रलिपि, लेख आणि संगणकास जागें करणारा आरंभींचा भागही. याच्या प्रतीस 'इमेज' म्हणतात. पुतण्यानें त्यासाठीं क्लोनझिला हें साधन वापरलें. तें तैवानमधील राष्ट्रीय संगणन केंद्रांत तयार झालेलें असून मोफत मिळतें. तें पेनड्राइव्हवरून चालू होतें. त्या वेळीं विंडोज झोपलेलें असतें, म्हणून प्रत चालू असतांना मुळांत फेरफार होत नाहीं. डिस्क ३२० जीबीची, पण भरलेला भाग सुमारें ७० जीबी. क्लोनझिलानें भरलेला भाग तेवढा बाहेरच्या डिस्कवर उतरविला. अडीच तास लागले. तेवढा वेळ ती कटकट ऐकत आम्ही शेजारीं बसून होतों. घरांतील मंडळींनीं दोनदां चहा आणून दिला, तो दोन्ही वेळां निवाला.

प्रत उतरल्यावर तिची पडताळणी झाली. वैदिकांनीं पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ व घनपाठ रचिले ते एक वर्णही ढळूं नये म्हणून. ही पडताळणी त्याच जातीची. पुष्कळजण वेळ वांचविण्यासाठीं ती गाळतात. सन १९९८ मध्यें अमेरिकेंतील पिक्सार या चित्रपटसंस्थेंत 'टॉय स्टोरी २' चें बरेंचसें काम एका चुकीच्या आज्ञेनें पुसलें गेलें. प्रती ठेवण्याची व्यवस्था होती; पण ती नीट चालत नाहीं हें त्याच वेळीं उमगलें. गॅलिन सुसमन या बाईंनीं, तान्हें मूल असल्यामुळें घरून काम करतां यावें म्हणून, एक प्रत घरीं ठेविली होती. तिच्यामुळें चित्रपट वांचला.

आमची प्रत तर चोख निघाली. परंतु नव्या देहानें आत्मा स्वीकारला नाहीं. नव्या संगणकाची डिस्क २५६ जीबीची. भरलेला भाग ७० जीबीच असला तरी क्लोनझिला सामान्यतः मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी जागा मागतो. पुतण्यानें आपल्याजवळची ५०० जीबीची रिकामी डिस्क बसविली. प्रत उतरली, पण यंत्र जागें होईना. जुनें यंत्र 'बायोस' या पद्धतीनें उठत असे. नवें केवळ 'यूईएफआय' या पद्धतीनेंच उठणारें. त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें तोड काढली. व्हर्च्युअलबॉक्स या साधनानें त्यानें नव्या संगणकाच्या पोटांत एक काल्पनिक संगणक उभा केला व त्यास बायोसच्या पद्धतीनें उठावयास शिकविलें. काल्पनिक डिस्क ३२० जीबीची सांगितली तरी भरलेल्या भागापुरतीच खरी जागा ती घेते. प्रथम निळा पडदा येऊन सारें थांबलें. डिस्कशीं बोलणाऱ्या भागाचा प्रकार जुन्या यंत्रांतल्यासारखा करतांच जुनें विंडोज उभें राहिलें. पडद्यावर दादांचा फोटो, त्याच्या बाजूस कुलवृत्तान्त, सारें जागच्या जागीं. पुतण्या कांहीं विचारीत होता. आम्हांस उत्तर देववलें नाहीं.

परवान्याचा प्रश्न येथें निघतोच. यंत्राबरोबर आलेला विंडोजचा परवाना बहुधा त्या यंत्रापुरताच असतो. स्वतंत्र विकत घेतलेला जुन्यावरून काढून नव्यावर नेतां येतो. आमचा सुदैवानें दुसऱ्या प्रकारचा होता. विंडोज ७ ला निर्मात्यांचा सामान्य आधार १४ जानेवारी २०२० रोजीं संपला, म्हणून त्या काल्पनिक संगणकास इंटरनेटचें दार बंद ठेविलें आहे.

जुनी पेटी आम्हीं लगेच मोडीत दिली नाहीं. नवें सारें दोन महिने नीट चाललें, तेव्हांच ती हलविली. इमेजची एक प्रत कपाटांत आहे, दुसरी आमच्या भगिनीकडे नागपुरास. वर्षांतून एकदां दोन्ही उघडून पाहण्याचें ठरविलें आहे, आणि त्यासाठीं दादांचा श्राद्धदिन योजिला आहे.

दरम्यान कुलवृत्तान्त युनिकोडमध्यें उतरविण्याचें काम चालू आहे. रूपांतर करणारीं साधनें मिळतात. पण जोडाक्षरांत व रफारांत तीं फार चुकतात, म्हणून प्रत्येक पान जुन्या प्रतीशीं ताडून पहावें लागतें. सध्यां आम्ही पांचव्या पिढीवर आहों.