पुतळ्यांची माळ मोडण्यापूर्वी...

सोन्याचा भाव चढला की सराफ्यात दोन प्रकारची गर्दी होते. एक घेणाऱ्यांची आणि दुसरी मोड घेऊन येणाऱ्यांची. बचत गटाच्या कामामुळे या दुसऱ्या गर्दीतल्या बायका माझ्या चांगल्याच ओळखीच्या. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं दवाखान्याचं बिल. अडचणीला मोडायचं म्हणूनच तर सोनं!

मागे एका काकूंनी सासूबाईंची पुतळ्यांची माळ मोडायला काढली. भिंगातून पाहिलं तर काही पुतळ्यांवर स्पष्ट रोमन अक्षरं. म्हणजे ती चक्क नाणी होती! काकूंची गरज खरी होती. त्यांनी नाण्यांच्या दोन पुतळ्या नातीसाठी ठेवल्या आणि बाकीची माळ मोडली.

मैत्रिणींनो, पुतळी हे मूळचं व्हेनिसचं नाणं, डुकाट. ते 1284 मध्ये पहिल्यांदा पाडलं गेलं. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं जवळजवळ शंभर नंबरी. एका बाजूला संत मार्क आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख, दुसरीकडे ताऱ्यांमध्ये येशू. व्यापाराच्या मोबदल्यात ही नाणी आपल्याकडे आली. त्यावरच्या आकृती म्हणजे पुतळ्या, म्हणून नाव पुतळी. शतकानुशतकं ना नक्षी फारशी बदलली, ना कस उतरला. आपल्या सोनारांनीही मग तशाच पुतळ्या घडवल्या. 1797 मध्ये नेपोलियनने व्हेनिसचं राज्य बुडवलं, पण पुतळी आपल्या गळ्यात राहिली.

त्या नेपोलियनच्या फ्रान्समध्ये नवं नाणं काढण्याआधी नमुना म्हणून मोजकीच नाणी पाडत, काही तर सोन्याची. संग्राहक आज त्यांना सोन्याच्या भावाच्या कितीतरी पट किंमत देतात. ती नाणी दुर्मीळ, कारण मुळात पाडलीच थोडी. आपली दुर्मीळ होतात ती मुशीत जाऊन!

आपल्या शहराचंच बघा. आज ते छत्रपती संभाजीनगर, पण मुघल नाण्यांवर त्याचं नाव 'खुजिस्ता बुनियाद' असं यायचं. इथल्या टांकसाळीत सोन्याची मोहरही पडे. वितळवली तर ती साधारण तोळाभर भरेल, जपली तर गावाचा इतिहास. शिवरायांच्या सोन्याच्या होनाचे तर आज मोजकेच नमुने ठाऊक आहेत.

म्हणून एवढंच करा. जुनं नाणं घासू नका, पॉलिश करू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, वजन लिहून ठेवा आणि मोडण्याआधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवा. कडीसाठी डाग दिलेल्या नाण्याला संग्राहक कमी भाव देतात, हेही लक्षात असू द्या. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परस्पर परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत सापडलेलं धन तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं.

एवढं करूनही मोडावं लागलं, तर खुशाल मोडा. पण काय मोडतोय, ते आपल्याला ठाऊक हवं.